शाळा ऐकणारे गुरुजी

घर भाड्याने देण्याआधी त्यांनी मला माझ्या मुलीवर रागवून दाखवायला सांगितलं होतं.

बँकेने माझी वाराणसीला बदली केली होती. नवरा नोकरीमुळे नागपुरातच राहिला आणि मी आठ वर्षांच्या सईला घेऊन घर शोधत ब्रह्मा घाटाच्या गल्लीत पोचले. तिथे अजून काही मराठी घरं आहेत आणि एका घराचा वरचा मजला रिकामा आहे, असं बँकेतल्या कुणीतरी सांगितलं होतं. दाराला घंटी नव्हती. मी कडी वाजवली तर आतून आवाज आला, "कडी नको. आवाज द्या." मी आवाज दिला. जिन्याच्या वरच्या टोकाला एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ आमच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी वळून बघायची तसदी घेतलीच नाही.

"मराठी आहात, नागपूरकडच्या आहात, दमलेल्या आहात, एवढं कळलं," ते म्हणाले. "आता बच्चीवर एकदा रागवून दाखवा."

माणूस थोडा हललेला आहे, असं मनाशी म्हणून मी परत फिरणारच होते. तेवढ्यात सईने जिन्याशेजारी टांगलेल्या बादलीची दोरी ओढायला सुरुवात केली. मी म्हटलं, "सई, सोड बरं ती. बादली पडेल, बाळा."

"हे रागावणं झालं?"

"हो."

"मग राहा," असं म्हणून ते पहिल्यांदा वळले. "आरडाओरडा करणारं माणूस ह्या घरात मला चालत नाही. त्यासाठी मी आहे."

गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. त्यांचं सगळं आयुष्य वेदपाठशाळेत मुलांना शिकवण्यात गेलं होतं. घराणं कित्येक पिढ्यांपासून काशीतलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी शब्द न विचारता येऊन बसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ते खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. घंटीबद्दल मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाले, "घंटी वाजली की घरात वीज आहे एवढंच कळतं. आवाज दिला की कोण आलं, कशाला आलं, खरं बोलणार की खोटं, सगळं कळतं." हे सगळं त्यांना खरंच कळायचं का, याचा मी पुष्कळ दिवस शोध घेत होते. दूधवाला पाणी घालून आला की त्याच्या हाकेवरून ओळखतो, असा त्यांचा दावा होता. पण रोजच पाणी घालणाऱ्या दूधवाल्याबद्दल हे सांगायला मोठी विद्या लागत नाही, असं मला वाटायचं.

त्यांची खरी खोड वेगळीच होती. म्हणताना कुणी अडलं की त्यांना राहवत नसे, पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघालाच पाहिजे. मग तो माणूस ओळखीचा असो नसो. शेजारच्या लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो. त्याच मांडवात अजून एक लग्न लागायचं होतं आणि तिथला तरुण भटजी मंगलाष्टक म्हणता म्हणता एका ओळीवर अडखळला. गुरुजींनी तोंडात पुरी असताना पंगतीतून पुढची ओळ ठणकावून म्हटली. भटजी दचकला, वाजंत्रीवाल्यांना वाटलं लग्न लागलं, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या एका थंडीत पंचगंगा घाटावर कुणी यात्रेकरू गंगेत उभा राहून स्तोत्र म्हणत होता. बिचारा कुडकुडत मध्येच थांबला, तर वरच्या पायरीवरून ह्यांनी पुढचा चरण असा काही फेकला की तो तोल जाऊन पाण्यात बसलाच.

ह्याच कारणाने ते पान खात नसत. बनारसमध्ये जन्म काढून पान न खाणारा माणूस, ही गल्लीतल्या पानवाल्याला व्यक्तिगत अपमानासारखी गोष्ट होती. पण गुरुजींचं ठरलेलं उत्तर असे, "पान तोंडात असलं की माणूस मान वर करून नुसता हूं-हूं करतो. समोरचा अडला तर त्याला सांगणार कसं?"

मला ह्या सगळ्याची गंमत वाटायची. सईच्या शाळेचं लक्षात येईपर्यंत तरी वाटत होती.

सईला आम्ही बसने जायच्या मोठ्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. काही महिन्यांत ती रोज सकाळी जिन्यात पोट धरून बसायला लागली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मॅडम, बच्ची ध्यान नहीं देती. पढ़ने को कहो तो बाहर देखती है." मराठीतून एकदम हिंदी-इंग्रजीत आलीय, जमेल हळूहळू, असं मी म्हणत राहिले. घरी ती भरभरून बोलायची, गोष्टी रचायची, नावाड्यांची भांडणं त्यांच्या आवाजात करून दाखवायची. पुस्तक उघडलं की मात्र तिचा चेहरा मिटून जायचा. थंडीच्या सुट्टीआधी शाळेने कळवलं की तिला त्याच वर्गात ठेवावं लागेल. नवऱ्याचं म्हणणं पडलं, की तिला नागपूरला पाठव, माझी बहीण सांभाळेल. मी पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर सई एखाद्या शाळेत रुळली नाही, तर दिवाळीला आलेल्या बापाबरोबर ती नागपूरला जाणार आणि मी बदली होईपर्यंत इथे एकटी राहणार, असं ठरलं. हे बोलताना मी फोनवर अगदी शहाण्यासारखी वागले आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले.

रडण्याचा आवाज खालच्या मजल्यावर गेलाच. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर आले.

"पोरगी मंद नाही," ते म्हणाले. "मी रोज सकाळी म्हणतो ना, त्यातलं अर्धं तिला येतं. मी तिला संथा देतो."

संथा म्हणजे वेद शिकवायची त्यांची पद्धत. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने ऐकून दोनदा म्हणायचं, तोंडात बसेपर्यंत. पुस्तकाचा संबंधच नाही. गुरुजींचे स्वतःचे गुरू आंधळे होते आणि त्यांच्याकडून अख्खी संहिता ऐकून ऐकूनच ह्यांनी पाठ केली होती. पुस्तक ही विसरभोळ्या लोकांसाठी केलेली सोय आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

तर मी सईच्या हिंदीच्या पुस्तकातला धडा त्यांना एकदा वाचून दाखवायचा आणि संध्याकाळी गॅलरीत त्यांनी तिला तो द्यायचा, असं सुरू झालं. 'चींटी और कबूतर' हा धडा वेदाच्या स्वरात म्हटलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. सईची मान वर, खाली, बाजूला व्हायची. मुंगी पाण्यात पडली की मान खाली, कबुतराने पान टाकलं की वर. पण काय सांगू, ती खुलली. भराभर धडे म्हणायला लागली. पान कुठे संपतं तेही तिने लक्षात ठेवलं आणि बरोबर त्या शब्दाला पान उलटू लागली. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी घडाघडा वाचतेय. मलाही तेच वाटलं.

होळीनंतर दुसऱ्या एका शाळेत आम्ही प्रवेशासाठी गेलो. हेडमास्तरांनी हिंदीचं पुस्तक पुढे ठेवलं. ते नेमकं तेच निघालं. सईने मान हलवत अख्खा धडा म्हणून टाकला. हेडमास्तर खूश झाले. गुरुजींनी गल्लीभर पेढे वाटले आणि "माझी शिष्या" म्हणून पानवाल्यापासून नावाड्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

त्या शाळेतही नव्या पुस्तकाचे धडे गुरुजी तिला आधीच देऊन ठेवायचे. उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग जुलैत एक दिवस मला शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी जे सांगितलं ते असं. त्यांनी सईला धडा मधून वाचायला सांगितला होता. सईने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. बाई म्हणाल्या, वरून नको, इथून. सईने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. बाईंना संशय आला, त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. आणि सई, दोन्ही हात पुस्तक धरल्यासारखे समोर ठेवून, 'वाचत' राहिली. तिने रिकाम्या हातांनी पान उलटलं तेव्हा सगळा वर्ग हसला.

घरी येऊन मी हे गुरुजींना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे पुस्तक काढून घेतलं तरी अडली नाही?"

माझा तोल सुटला. ज्या जिन्यात मला रागवता येत नाही म्हणून घर मिळालं होतं, त्याच जिन्यात मी ओरडले, "गुरुजी, तिला वाचता येत नाही! एक अक्षर वाचता येत नाही तिला!"

सई वरच्या पायरीवर उभी होती. ती हळूच म्हणाली, "आजोबा, अक्षरं दिसतात मला. पण ती एका जागी राहतच नाहीत."

त्या संध्याकाळी गॅलरीत संथा झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचं स्वतःचं म्हणणंसुद्धा ऐकू आलं नाही. दोन्ही मजल्यांवर कसंतरीच वाटत होतं. मी सईला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून, तिच्याशी खेळून सांगितलं, की बुद्धीत काही कमी नाही, वाचनाची अडचण आहे, अशी पुष्कळ मुलांना असते. रोज थोडं कसं शिकवायचं हे त्यांनी दाखवलं, आणि म्हणाल्या, "इसे ऐसी जगह रखिए जहाँ जल्दी न मचाएँ." ते मी गुरुजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "बँकेला छुट्टी कधी असते?"

त्यानंतरचे माझे सुट्टीचे शनिवार मी जन्मात विसरणार नाही. आम्ही ई-रिक्षाने शहरभर शाळा बघत फिरलो. बघत म्हणणंही बरोबर नाही, कारण गुरुजी एकाही शाळेच्या आत आले नाहीत. मी ऑफिसात जाऊन माहिती घ्यायची, आणि ते समोरच्या चहाच्या टपरीवर किंवा भिंतीच्या सावलीत डोळे मिटून बसायचे. आधी मला लाज वाटायची, शाळेबाहेर असा माणूस बसलेला बघून कुणी पोलिसांना बोलावलं तर काय घ्या. मग हळूहळू त्यांना काय ऐकू येतं याचीच मला जास्त उत्सुकता वाटू लागली.

एका शाळेची इमारत मला फार आवडली होती. गुरुजी म्हणाले, "भोंग्यावर एकच माणूस बोलून राहिला आहे. बाकी कुणाचा आवाज नाही. चला." दुसरीकडे इतकी शांतता होती, की मला वाटलं हीच शाळा. ते म्हणाले, "तिथं पोरं खोकलासुद्धा दाबून खोकतात ताई. हा सन्नाटा ठीक नाही." तिसऱ्या शाळेतून मुलांच्या एकसुरात म्हणण्याचा गजर रस्त्यापर्यंत येत होता. मला वाटलं, आता गुरुजी डोलतील. ते थोडे डोललेही. मग उठून चालायला लागले.

"हे तर तुमच्यासारखंच आहे की," मी म्हटलं.

"म्हणून तर नको. इथं सगळे मिळून म्हणतात. बच्ची त्या आवाजात पुन्हा लपेल. मी लपवली, तेवढं पुष्कळ झालं."

एवढं बोलून ते रिक्षात बसले. मला त्यांच्याबद्दल त्या दिवशी इतकी माया वाटली, की जिन्यातल्या ओरडण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मी शेवटी विचारलंच, "गुरुजी, तुम्ही ऐकता तरी काय?"

"एखादं पोरगं अडलं की पुढे काय होतं, ते. कुणी हसतं का, कुणी सांगून टाकतं का, की मास्तर लगेच दुसऱ्याचं नाव घेतो. अडल्यावर थोडा वेळ सगळे गप्प बसलेत, अशी शाळा अजून ऐकली नाही."

"आणि तुमच्या पाठशाळेत?"

ते हसले. "आमच्याकडे पोरगं श्वास घ्यायला थांबलं तरी मी सांगून टाकायचो."

दिवाळी जवळ आली. पंचगंगा घाटावर कार्तिकस्नानाची गर्दी सुरू झाली होती आणि नवऱ्याने परतीची तिकिटं काढली होती, त्यात सईचंही होतं. आमच्या गल्लीतला चहावाला गुरुजींना चिडवायचा, "का गुरु, आज कउन इस्कूल सुनल जाई?" म्हणजे, आज कुठली शाळा ऐकायची? मी आतून खचत चालले होते. सईची फ्रॉकांची पिशवी भरायला काढली आणि तशीच ठेवून दिली.

मग एका दुपारी गुरुजींनी मला थेट बँकेत फोन केला. हे पूर्वी कधी झालं नव्हतं. ते सोनारपुऱ्याच्या एका गल्लीत कुणाच्या तरी घरी श्राद्धाचे मंत्र सांगायला गेले होते. तिथे खाली शिंप्याचं दुकान आणि वर लहानशी शाळा होती. "ताई, खिडकीखाली उभा आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "एक पोरगं अडलंय. अजून अडलेलंच आहे. कुणी बोलून राहिलं नाही. थांबा..." फोनमध्ये मला शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "म्हटलं! त्याने म्हटलं! बाई म्हणाली, हाँ, आगे चलो. बस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा घेतली आणि आम्ही तिघं निघालो. सई माझा हात सोडून गुरुजींचं बोट धरून चालत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याचं दुकान लागलं. गुरुजी थांबले आणि त्यांनी एक पान मागितलं.

पानवाल्याचा चुना लावणारा हात थबकला. "आप, गुरु? पान?"

"मोठं बांधा," गुरुजी म्हणाले.

ते पान त्यांनी डाव्या गालात सारलं. गाल टम्म फुगला. मी विचारलं, "आज काय हे?" तर त्यांनी मान वर करून, डोळे मोठे करून, "हूं" केलं.

शाळेच्या मुख्य बाई जमिनीवर सतरंजी टाकून मुलांबरोबर बसल्या होत्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सईला म्हणाल्या, "जहाँ से मन हो, वहाँ से पढ़ो. एक ही लाइन." पुस्तक तिने कधी पाहिलेलं नव्हतं. गुरुजी पहिल्यांदाच एका शाळेच्या आत, दाराजवळ मांडी घालून बसले होते. मुलं सईकडे बघत होती.

सईने बोट ठेवलं. "मल्... मल्लाह... ने..." मग ती थांबली. मी जिथे बसले होते तिथून मला शब्द दिसत होता. पतवार, म्हणजे नावेचं वल्हं. रोज घाटावर ऐकलेला शब्द. माझ्या ओठांवर तो आला आणि मी ओठ दाताखाली धरले. सई खिडकीकडे बघायला लागली, तसाच चेहरा, मोठ्या शाळेतला. मी गुरुजींकडे बघितलं. त्यांची मान ताठ झाली होती, कपाळावर घाम होता, हाताची बोटं आपोआप वर उठली होती आणि ती त्यांनी मांडीखाली दाबून धरली. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. बाईंनी सईकडे बघणंसुद्धा सोडून दिलं होतं, त्या शांतपणे एका मुलाच्या पेन्सिलीला टोक काढत होत्या. कुणी हसलं नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, मला तो फार वाटला.

"पत..." सई म्हणाली. बोट पुढे सरकलं. "पतवा... पतवार!" आणि तिने स्वतःच मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. "पतवार उठाई."

"हाँ," बाई म्हणाल्या. "आगे चलो."

सई नागपूरला गेली नाही. नवरा दिवाळीला आला आणि तिचं तिकीट रद्द करून एकटा परत गेला. पुढे माझीही बदली झाली, गुरुजी मागच्या थंडीत गेले, आणि सई आता मोठाली पुस्तकं वाचते, हळू वाचते, पण वाचते. ती अडली की आमच्या घरात अजून कुणी बोलत नाही.

त्या दिवशी शाळेतून बाहेर पडल्यावर मी गुरुजींना म्हटलं, "ऐकलंत ना?"

गल्लीच्या कडेला जाऊन त्यांनी पान तोंडातून काढलं. "काही ऐकू आलं नाही हो ताई. मी तर पान चघळत होतो." ते नालीत टाकलं तेव्हा मी बघितलं. पान जसं बांधून दिलं होतं तसंच होतं, लवंगसुद्धा हललेली नव्हती.